अर्लिंग्टनचं घर आणि 22 खिडक्या: स्टॉर्म विंडो की नव्या खिडक्या?

बॉस्टनच्या वायव्येला सहाएक मैलांवर अर्लिंग्टन आहे. तिथे 1926 साली बांधलेलं एक लाकडी, दुमजली घर एका मराठी कुटुंबाने 2022 च्या वसंतात विकत घेतलं. खाली दगडी पायाचं तळघर, वर मोकळा पोटमाळा, प्रत्येक खोलीत खिडकीखाली गरम पाण्याचा रेडिएटर आणि एकूण 22 खिडक्या. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि हिवाळाभर राहायला साताऱ्याहून आलेल्या आजी.

पहिल्याच जानेवारीत तक्रारी सुरू झाल्या. थर्मोस्टॅट 70 अंश फॅरेनहाइट दाखवत असूनही जेवणघरात खिडकीकडे पाठ करून कोणी बसायला तयार होईना. आजी शाल पांघरून विचारायच्या, "अगं, ती खिडकी नीट लागली आहे ना?" खिडकी लागलेली असायची. सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं आणि खालच्या लाकडी पाटावर साचायचं. त्या वर्षभरात गॅसचं बिल 2,700 डॉलरच्या आसपास गेलं.

मग खिडक्या बदलून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. त्याने फीत लावून मापं घेतली आणि सगळ्या 22 खिडक्यांचे 31,900 डॉलर सांगितले. जुन्या चौकटीत दुहेरी काचेची नवी व्हिनाइलची खिडकी, एकेक 1,450 डॉलरला. बिल निम्मं होईल, सरकारी करसवलतही मिळेल आणि आजच सही केली तर सूट, असं त्याचं बोलणं. दुसऱ्या बाजूला शेजारच्या वयस्कर गृहस्थांचं ठाम मत होतं की शंभर वर्षं टिकलेल्या खिडक्या काढणं हा अपराध आहे, बाहेरून चांगल्या स्टॉर्म विंडो लावा आणि विसरून जा.

इमारतींमधून उष्णता कुठून आणि किती निसटते याचा हिशोब करणं हे माझं काम, म्हणून दोघांनी मला बोलावलं. हा लेख त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. उत्तर अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर त्यांना बहुतेक वेळा विकणाऱ्याकडूनच मिळतं.

मूळ खिडकी आणि तिच्याबाहेरची खिडकी

स्टॉर्म विंडो भारतात पाहायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगतो. घराची मूळ खिडकी आहे तशीच राहते. तिच्या बाहेरच्या अंगाला, चौकटीवर स्क्रूने, बारीक अॅल्युमिनियमच्या कडांमध्ये बसवलेली दुसरी काच चढवतात. मधे दोन-तीन इंचांची हवा अडकते. वारा, पाऊस आणि बर्फ आधी या बाहेरच्या काचेवर आदळतात. उन्हाळ्यात तीच काच वर सरकवून खाली जाळी ओढता येते.

मूळ खिडक्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वर-खाली सरकणाऱ्या दोन तावदानांच्या. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे असतात. त्यांत ओतीव लोखंडाची वजनं सुती दोरीला टांगलेली असतात आणि ती तावदानाला तोलून धरतात. म्हणून इतक्या वर्षांनीही जड तावदान एका हाताने उचलता येतं. काचा अळशीच्या तेलातल्या लुकणाने बसवलेल्या. लाकूड जुन्या जंगलातल्या सावकाश वाढलेल्या झाडांचं, दाट रेषांचं. आजच्या वखारीत तसं लाकूड सहज मिळत नाही. या रचनेतली प्रत्येक गोष्ट सुटी करता येते: दोरी तुटली तर दोरी बदला, काच फुटली तर काच बदला. शेजारच्या गृहस्थांच्या म्हणण्यातला हा भाग शंभर टक्के खरा होता.

पण 22 खिडक्या म्हणजे 22 सारख्या खिडक्या नव्हेत. घरभर फिरून आम्ही एकेक उघडून पाहिली. तळमजल्यावर बैठकीच्या खोलीत आणि जेवणघरात मिळून दहा होत्या. त्यांच्या वरच्या तावदानात सहा छोट्या काचा आणि खाली एक सबंध काच. लाकूड ठणठणीत, दोऱ्या मात्र बऱ्याच तुटलेल्या. वरच्या मजल्यावर आठ साध्या, एकसंध काचांच्या. त्यांतल्या काही रंगाने चौकटीला चिकटून बसलेल्या. मागच्या पडवीतल्या दोन्हींचा खालचा पाट कुजलेला होता, इतका की स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. स्वयंपाकघरातल्या दोन नव्वदच्या दशकात आधीच्या मालकाने बदललेल्या, व्हिनाइलच्या, दुहेरी काचेच्या. त्यांच्या दोन काचांमधे धुकं भरलं होतं. कडेचं सील गेलं की आतला वायू निघून जातो, दमट हवा शिरते आणि ती काच मग कधीच स्वच्छ होत नाही. ती खिडकी बनवणाऱ्याकडे आता त्या मापाचा सुटा भाग मिळत नव्हता.

म्हणजे घरातल्या सगळ्यांत नव्या खिडक्या सगळ्यांत आधी निकामी झाल्या होत्या. नवी खिडकी घ्यायलाच नको, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण ती कायमची असते हा समज त्या दोन काचांनी मोडला. दुहेरी काचेचं सील साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांत दगा देऊ लागतं, हे गृहीत धरूनच हिशोब करावा.

जुन्या खिडक्यांपैकी बहुतेकांवर सत्तरच्या दशकातल्या अॅल्युमिनियमच्या स्टॉर्म विंडो आधीपासून होत्या. कुठे एक काच गायब, कुठे सरकपट्टी वाकलेली, पण होत्या. या गोष्टीला किती महत्त्व आहे ते हिशोबात दिसेल.

हिशोब

काचेतून उष्णता किती जाते हे यू-फॅक्टरने मोजतात. आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. एकेरी काचेच्या उघड्या लाकडी खिडकीचा यू-फॅक्टर अमेरिकी मापात 1 च्या जवळ असतो. तिच्यावर साधी स्टॉर्म विंडो घट्ट बसली की तो 0.5 च्या आसपास येतो. स्टॉर्मची काच लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर असलेली घेतली, तर 0.38 च्या आसपास. चांगली दुहेरी, लो-ई, काचांमधे आर्गॉन वायू भरलेली नवी खिडकी 0.28 किंवा थोडी कमी.

या घरातल्या खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ 330 चौरस फूट भरलं. बॉस्टनच्या भागात हिवाळ्याचं माप साधारण 5,600 हीटिंग डिग्री-डे धरता येतं. बाहेर किती अंश थंडी होती आणि ती किती दिवस टिकली, याची ही वर्षभराची बेरीज. यू-फॅक्टर, क्षेत्रफळ, डिग्री-डे आणि दिवसाचे 24 तास यांचा गुणाकार केला आणि बॉयलरची कार्यक्षमता 80 टक्के धरली, की वर्षाला किती गॅस काचांतून निघून जातो ते मिळतं. सगळ्या खिडक्या उघड्या एकेरी काचेच्या असत्या तर 554 थर्म (थर्म हे गॅसपासून मिळणाऱ्या उष्णतेचं माप). साधी घट्ट स्टॉर्म असेल तर 277. लो-ई स्टॉर्म असेल तर 211. नवी खिडकी असेल तर 155. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू, बीटीयू हे उष्णतेचं लहान एकक. वहनाच्या खर्चासह थर्मला 2 डॉलर भाव आम्ही धरला.

आता सगळी मेख कुठे आहे ते पाहा. विक्रेत्याने तुलना 554 आणि 155 यांच्यात केली होती. पण घर 554 वर नव्हतंच. मोडक्या का होईना, स्टॉर्म विंडो होत्या. कुठे काच नाही, कुठे फट, हे सगळं धरून सरासरी यू-फॅक्टर 0.6 घेतला तर घर 333 थर्मवर होतं. म्हणजे सगळ्या खिडक्या बदलून वाचणार होते 178 थर्म, वर्षाला 356 डॉलर. 31,900 डॉलर त्या वेगाने भरून यायला जवळपास 90 वर्षं लागतील.

बिल निम्मं होणं तर शक्यच नव्हतं. घर वर्षाला एकूण सुमारे 1,344 थर्म जाळत होतं. त्यातले काचांतून जाणारे 333, म्हणजे चौथा हिस्सा. खिडक्यांतून जाणारी उष्णता पूर्ण शून्यावर आणली तरी बिल निम्मं होत नाही. हे गणित कागदावर मांडल्यावर घरातल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी बरोबर होता: "मग उरलेले तीन हिस्से कुठून जातात?"

स्टॉर्म विंडोचंही गणित त्याच कठोरपणे मांडायला हवं. वीस जुन्या खिडक्यांवर लो-ई स्टॉर्म, बसवणुकीसह 340 डॉलरला एक, म्हणजे 6,800 डॉलर. वाचणार वर्षाला 240 डॉलरच्या आसपास. परतफेड 28 वर्षांत. नव्या खिडक्यांपेक्षा कितीतरी बरी, पण यालाही कोणी बचतीची सुवर्णसंधी म्हणू नये. आणि लो-ई स्टॉर्म व नवी खिडकी यांच्यातला फरक? 56 थर्म. वर्षाला 112 डॉलर.

हा निष्कर्ष एकट्या माझ्या वहीतला नाही. वॉशिंग्टन राज्यात रिचलंड इथे पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीची दोन एकसारखी प्रयोगघरं शेजारी-शेजारी आहेत. त्यांतल्या एकाला बाहेरून लो-ई स्टॉर्म लावून पाहिलं, तेव्हा तापवण्या-थंड करण्याची ऊर्जा सुमारे 10 टक्क्यांनी कमी लागली, आणि तीही मूळ खिडक्या दुहेरी काचेच्या असताना. ऐतिहासिक वास्तूंचं जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या 2012 च्या अहवालाचा सूरही हाच आहे: जुनी खिडकी दुरुस्त करून तिला जोड दिली, तर ती नव्या खिडकीच्या कामगिरीच्या बरीच जवळ जाते आणि खर्च कमी येतो.

गारठा पैशांत मोजता येत नाही

आजींना बिलाची काळजी नव्हती, त्यांना पाठीला गार लागत होतं. यालाही आकडा आहे. बाहेर 20 अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे 7 सेल्सिअस, आणि आत 70 असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग 36 अंशांवर असतो, सेल्सिअसमध्ये जेमतेम 2. अंगातली उष्णता त्या काचेकडे सरळ फेकली जाते, म्हणून हवा गरम असली तरी माणूस कुडकुडतो. साध्या स्टॉर्ममागे तीच काच 53 अंशांवर येते, लो-ई स्टॉर्ममागे 57 वर आणि नव्या खिडकीत 60 च्या पुढे. मोठी झेप 36 पासून 57 पर्यंतची आहे. पुढचे तीन-चार अंश शरीराला फारसे जाणवत नाहीत.

काचेला फुटणाऱ्या घामाचं उत्तरही याच आकड्यांत आहे. 70 अंशांच्या खोलीत आर्द्रता 40 टक्के असेल तर पाणी सुमारे 45 अंशांखालच्या पृष्ठभागावर धरतं. 36 ची काच ओघळणारच, 53 ची कोरडी राहते. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळता रस्सा, आत वाळत घातलेले कपडे, यांमुळे आर्द्रता सहज वर जाते. बाहेर कडाका असेल तेव्हा ती 35 टक्क्यांच्या आत ठेवावी आणि शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो की गाळून पुन्हा आतच सोडतो, हे एकदा तपासावं. या घरातला आतच सोडत होता.

उरलेले तीन हिस्से शोधायला ब्लोअर डोअर चाचणी केली. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि 50 पास्कल दाबाच्या फरकाला फटींतून किती हवा येते ते मोजतात. आकडा आला मिनिटाला 4,100 घनफूट. पंखा चालू असताना खिडक्यांपाशी हात धरला तर धार जाणवत होती, पण पोटमाळ्याच्या जिन्यापाशी आणि तळघरात पायाच्या दगडावर लाकूड टेकतं तिथे अक्षरशः वारा वाहत होता. गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला गार हवा खालून शिरते. उंच, जुन्या घरात हिवाळाभर हेच चालतं.

म्हणून खिडक्यांच्या आधी पोटमाळा. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या कार्यक्रमातून घराची ऊर्जा-तपासणी मोफत होते, आणि 2023 मध्ये त्यातून मान्य झालेल्या इन्सुलेशनच्या खर्चाचा 75 टक्के भाग मिळत होता. एक अडचण आली. पोटमाळ्यात चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वायरिंग अजून जिवंत होती. तिच्यावर इन्सुलेशन टाकता येत नाही, आधी इलेक्ट्रिशियनकडून ती काढून घ्यावी लागते. तो खर्च पदरचा. पण पोटमाळा आणि तळघराच्या कडा बंद झाल्यावर पुन्हा चाचणी केली तेव्हा 4,100 चे 3,150 झाले होते आणि एकाही खिडकीला अजून हात लागलेला नव्हता.

शिसं

इथपर्यंत माझा सल्ला सरळ होता: कुजलेल्या आणि धुकं भरलेल्या चार सोडून बाकी सगळ्या खिडक्यांवर लो-ई स्टॉर्म लावा. मग शिशाच्या तपासणीचा अहवाल आला आणि चित्र बदललं. या भागाबद्दल खिडक्यांच्या चर्चेत फार कमी बोललं जातं. माझ्या मते लहान मुलं असलेल्या घरात इथूनच सुरुवात व्हायला हवी.

अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांत, विशेषतः लाकडी खिडक्यांवर, शिशाचा रंग असणं नेहमीचं आहे. भिंतीवरचा अखंड रंग एक वेळ निरुपद्रवी राहील, खिडकीवरचा राहत नाही. तावदान वर-खाली सरकताना लाकूड लाकडावर घासतं, रंगाची बारीक भुकटी होते, ती खालच्या पाटावर आणि जमिनीवर बसते. रांगणारी, खेळणारी मुलं हात तोंडात घालतात. शिशाचा मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

मॅसॅच्युसेट्सचा कायदा याबाबत कडक आहे. 1978 च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाचा धोका दूर करण्याची जबाबदारी मालकाची असते, मग मालक स्वतःच त्या घरात राहत असला तरी. परवानाधारक निरीक्षक एक्स-रे उपकरण रंगावर टेकवून थरांखालचं शिसं मोजतो. या घरात वीसही जुन्या खिडक्यांच्या सरकत्या कडांवर शिसं निघालं. मुलाच्या रक्ताच्या तपासणीत काळजीचं काही नव्हतं. ते कळेपर्यंतचे दिवस आईबापांनी कसे काढले असतील, हे मुलं असलेल्या कोणालाही सांगायला नको.

बाहेरून लावलेली स्टॉर्म विंडो शिशाचं काहीही करत नाही. आतलं तावदान तसंच घासत राहतं. जुनी खिडकी ठेवायची तर तावदानं काढून कारखान्यात नेऊन लाकडापर्यंत रंग उतरवावा लागतो, चौकटीच्या खाचा साफ कराव्या लागतात किंवा झाकाव्या लागतात, आणि हे सगळं परवानाधारक माणसांनीच करायचं. धोक्याचं काम चालू असताना कुटुंबाने घराबाहेर राहायचं. या कामाचा दर, तावदान पुन्हा रंगवून, नव्या दोऱ्या लावून आणि कडांना पितळी पट्ट्या ठोकून, एका खिडकीला 850 डॉलर आला. वर 340 ची स्टॉर्म धरली की 1,190. नव्या खिडकीचा दर, शिशाच्या नियमांनुसार काढणी-बसवणी धरून, 1,500. इतका मोठा वाटणारा फरक तीनशेवर आला.

विक्रेत्याच्या 31,900 मध्ये शिशाचा उल्लेखच नव्हता. केंद्र सरकारच्या ईपीए या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 2010 पासून लागू असलेला नियम असा आहे की 1978 पूर्वीच्या घरात पैसे घेऊन खिडकी बदलणाऱ्या कंपनीकडे शिशाबाबतचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे. ते मागितल्यावर त्या कंपनीकडून पुन्हा फोन आला नाही. कोणत्याही दरपत्रकावर सही करण्याआधी हे प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काय ठरलं

एकच उत्तर सगळ्या घराला लावायचं नाही, हे आता सगळ्यांना पटलं होतं. वाद झाला तो वरच्या मजल्यावरून. तिथल्या आठ खिडक्यांची लाकडंही चांगली होती आणि मी त्या राखाव्यात अशा मताचा होतो. पण मुलं झोपतात ती खोली वर, शिसं वर, उन्हाळ्यात रोज उघडझाप होते ती वर. "घासणारं जुनं लाकूड मला त्यांच्या उशापाशी नको," असं आई म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. शिवाय वरच्या स्टॉर्म विंडो धुवायला दोन्ही थर आतून उघडावे लागतात, नवी खिडकी आत कलवून पुसता येते. वरच्या आठही बदलायचं ठरलं.

तिथे एक अट घातली. नवी खिडकी जुन्या चौकटीत बसवताना वजनांचे पोकळ कप्पे उघडून, वजनं काढून, आत इन्सुलेशन भरायचं. बरेच जण ते तसेच सोडतात आणि मग महागड्या खिडकीच्या दोन्ही अंगांना वाऱ्याची पोकळ नळी राहते. चौकटीत चौकट बसवल्याने काचही अरुंद होते. खोल्या थोड्या अंधारल्या, हे मान्य करायला हवं.

मागच्या पडवीतल्या दोन खिडक्या चौकटीसकट काढल्या, प्रत्येकी 2,300 डॉलर. पहिल्या दरपत्रकाप्रमाणे काम झालं असतं तर कुजका पाट नव्या व्हिनाइलखाली झाकला गेला असता आणि कूज भिंतीत उतरली असती. स्वयंपाकघरातल्या दोन बदलल्या.

तळमजल्यावरच्या दहा मात्र राखल्या. सहा काचांची ती तावदानं रंग उतरवून परत आली तेव्हा लाकडाच्या रेषा पाहून घरातली नऊ वर्षांची मुलगीसुद्धा हात फिरवत उभी राहिली. त्यांच्यावर लो-ई स्टॉर्म चढल्या. लो-ईचा थर दोन प्रकारचा असतो. एक नाजूक, जो दुहेरी काचेच्या सीलबंद पोकळीतच टिकतो. दुसरा काच तयार होतानाच तापत्या पृष्ठभागावर चढवलेला, कणखर, जो उघड्यावर चालतो. स्टॉर्मला दुसराच लागतो आणि थराची बाजू घराकडे यायला हवी. काच उलटी लागली तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी छोटं तपासणी-यंत्र मिळतं, बसवणाऱ्याला ते लावून दाखवायला सांगावं.

एकूण खर्च 31,500 डॉलर झाला. पहिल्या दरपत्रकापेक्षा फक्त 400 कमी, म्हणून पैसे वाचले असं मी म्हणणार नाही. त्याच रकमेत शिसं निघालं, कूज निघाली आणि दहा खिडक्या अशा राहिल्या की ज्यांची प्रत्येक गोष्ट पुढेही दुरुस्त होईल, हा फरक. राज्याच्या 2023 च्या कायद्याने शिसं काढण्यावरची करसवलत 1,500 वरून 3,000 डॉलरपर्यंत नेली होती, ती मिळाली. विक्रेत्याने पुढे केलेली केंद्राची सवलत खिडक्यांसाठी वर्षाला जास्तीत जास्त 600 डॉलरची होती, तीही ठरावीक वरच्या दर्जाच्या खिडक्यांनाच. 2025 संपल्यानंतर बसवलेल्या खिडक्यांना ती उपलब्ध नाही, तेव्हा अजून कोणी तिचं नाव घेत असेल तर सावध राहा.

पहिला हिवाळा

काम 2023 च्या शरदात संपलं. डिसेंबरात जेवणघरातल्या दोन स्टॉर्म विंडोंच्या आतल्या अंगाला पाणी धरू लागलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. पाणी कोणत्या काचेवर आहे यावरून दोष सांगता येतो. आतल्या खिडकीवर पाणी असेल तर बाहेरची स्टॉर्म गळते आहे. स्टॉर्मवर असेल तर घरातली दमट हवा आतल्या खिडकीच्या फटींतून तिथवर पोहोचते आहे. इथे दुसरं होतं. दोन तावदानं मधोमध जिथे भेटतात तिथली खिट्टी पूर्ण ओढली जात नव्हती. खिट्टीची जागा चार सूत सरकवल्यावर फट मिटली. त्याच वेळी दिसलं की बसवणाऱ्याने स्टॉर्मच्या खालच्या कडेची दोन्ही बारीक छिद्रं सीलंटने बुजवली होती. ती छिद्रं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात. ती बंद राहिली तर खालचा पाट कुजतो आणि दोष लाकडाला दिला जातो. दहाही खिडक्यांची छिद्रं उघडून घेतली.

बिल उतरलं, पण त्या बिलावर विसंबून चालणार नव्हतं. 2023-24 चा हिवाळा अमेरिकेच्या सलग भूभागात नोंदीतला सगळ्यांत उबदार होता, तेव्हा कोणाचंही बिल उतरलंच असतं. म्हणून एका डिग्री-डेला किती गॅस लागला ते काढलं: आधी 0.24 थर्म, आता 0.175. नेहमीच्या थंडीच्या वर्षाला हे 1,344 वरून 980 वर येणं झालं, म्हणजे 364 थर्मची बचत. माझ्या अंदाजाने त्यात खिडक्यांचा वाटा 145 च्या आसपास. बाकी पोटमाळा आणि तळघर, ज्यांवर खिडक्यांच्या मानाने किरकोळ खर्च झाला. हवेची गळती शेवटच्या चाचणीत 2,750 भरली.

आजी दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आल्या आणि त्यांनी खिडकीकडे पाठ असलेलीच खुर्ची धरली.

आता चर्चा बॉयलरची आहे. तो म्हातारा झाला आहे आणि त्याच्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत आणणारं यंत्र, बसवायचा विचार चालू आहे. पहिल्या कंत्राटदाराने जुन्या बॉयलरच्या आकाराएवढाच पंप सुचवला. त्याला खिडक्या, पोटमाळा आणि गळतीचे नवे आकडे देऊन खोलीनिहाय उष्णतेचा हिशोब पुन्हा करायला सांगितलं आहे. घराची गरज आता तेवढी राहिलेली नाही, आणि गरजेपेक्षा मोठा पंप सतत चालू-बंद होत राहतो. तो हिशोब हातात आल्याशिवाय सही करायची नाही, एवढं दोघांनी ठरवलं आहे.